अंतरपाटाआडची गाडी : मेट्रो ३ आणि तिची भावंडं

गिरगावचा_नाना

नमस्कार मंडळी, विषय जरा येडपट वाटेल पण दोन आठवडे डोक्यात बसलाय म्हणून टाकतोय.

मी रोज गिरगावहून मरोळ नाक्याला जातो. गेल्या ऑक्टोबरपर्यंत चर्नी रोडवरून अंधेरी, तिथला पूल, तिथून मेट्रो वन असा व्यायाम होता, आता घराखाली उतरलं की थेट मेट्रो ३ च्या भुयारात. तर झालं असं की इतके दिवस जाऊन-येऊन परवा एकदम लक्षात आलं, की मी ज्या गाडीतून जातो ती बाहेरून कशी दिसते ते मला माहीतच नाही! अक्षरशः नाही. फलाटावर खालपासून वरपर्यंत काचेची भिंत, गाडी आली की त्या काचेमागे काहीतरी चंदेरी सरकतं, दारासमोर दार येऊन थांबतं, दोन्ही उघडतात आणि आपण आत. लोकलचं कसं, लांबून तोंड दिसलं की रेक (म्हणजे अख्खी गाडी) कुठला ते कळतं, त्यावरून दाराशी उभं राहायचं की आत शिरायचं ते ठरतं. इथे सगळा अंतरपाटाचा मामला.

पण आत बसल्यावर सारखं वाटायचं, हिला आपण आधी कुठेतरी भेटलोय. मग आठवलं, मागच्या वर्षी बहिणीकडे सिडनीला गेलो होतो तिथली मेट्रो. तेच आरपार डबे, सुटताना मोटारचा तोच चढता सूर. तेव्हा भाचा म्हणालेला, मामा ही ट्रेन इंडियात बनलीये, मी म्हटलं चल काहीतरी सांगतोस. आता शोधलं तर खरंच निघालं, आंध्रात श्रीसिटीला अल्स्टॉम या फ्रेंच कंपनीचा कारखाना आहे, सिडनीची पण तिथली आणि आपली मेट्रो ३ ची पण तिथलीच. दोन्हींचं आडनाव 'मेट्रोपोलिस'.

तर जाणकारांना प्रश्न, या गाड्या खरोखर एकच आहेत का फक्त स्टिकर एक?

कल्याणफास्ट

नाना, गाडी वेळेवर येते ना? एसी आहे ना? मग कुळ आणि गोत्र कशाला विचारताय. आम्ही इकडे दाराला लोंबकळून डोंबिवली पार करतोय 😀

बोगीबाबा

चांगला धागा. मी आयुष्यभर कारशेडमध्ये गाड्यांच्या खाली घालवलंय, आता निवृत्त, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सहन करा.

नुसता स्टिकर एक आहे का, तर नाही. गाडी एक आहे का, तर तेही नाही. शिंप्याकडे कटिंग ठरलेलं असतं ना, कॉलर अशी, खिसा असा, काज-बटण अमुक पद्धतीने, पण माप गिऱ्हाइकाचं आणि कापडही गिऱ्हाइकाचं, तसं आहे हे. मेट्रोपोलिस ही नव्वदीच्या शेवटापासून चालत आलेली मालिका आहे, त्यात ट्रॅक्शनची (गाडी ओढणाऱ्या मोटारी आणि त्यांची वीज) मांडणी, गाडीचा कंट्रोल कॉम्प्युटर, बोगीचा विचार (बोगी म्हणजे डबा नव्हे हो, डब्याखालची चाकांची गाडी, पेपरवाले आयुष्यभर चुकीचं छापतात) हे एका शाळेतलं. बाकी डब्याची रुंदी, लांबी, एका बाजूला दारं किती, सीट आडव्या का उभ्या, बॉडी स्टेनलेस स्टीलची का ॲल्युमिनियमची, वीज वरून घ्यायची का खालून, चालक हवा का नको, हे सगळं ज्या त्या शहराच्या टेंडरमध्ये असतं.

आता तुमची मुंबईची घ्या. ३१ रेक, प्रत्येकी ८ डबे, म्हणजे २४८ डबे. या घराण्यात हिंदुस्थानात आलेल्यांमध्ये हीच सगळ्यात लांब. चेन्नईची पहिली ऑर्डर ४२ गाड्यांची, पण चारच डब्यांच्या. लखनौ २० गाड्या, त्याही चार डब्यांच्या. कोची २५, तीन डब्यांच्या. आणि एक गंमत, चेन्नईच्या पहिल्या ९ गाड्या ब्राझीलमध्ये साओ पावलोला बनून आल्या, तोवर श्रीसिटीचा कारखाना उभा राहत होता, मग उरलेल्या तिथून निघाल्या. म्हणजे थोरली ब्राझीलला जन्मली आणि धाकट्या माहेरी.

आणखी एक. मुंबईच्या आठपैकी सहा डबे मोटारचे आहेत, म्हणजे ७५ टक्के. उगाच नाही. ३३.५ किमीत २७ स्टेशनं, म्हणजे साधारण सव्वा किमीला एक, सतत पळा आणि थांबा. जितक्या ॲक्सलला मोटार तितकं ब्रेकचं काम मोटारच करते, वीज उलटी तारेत जाते आणि ब्रेक पॅड कमी झिजतात. पॅड बदलणाऱ्याला विचारा या ७५ टक्क्यांची किंमत.

आणि नाना, तो चढता सूर सारखा वाटला तो भास असावा :) तुमच्याकडे वरच्या तारेतून २५ केव्ही (२५ हजार व्होल्ट) एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारी वीज येते, सिडनीला १५०० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेची. आपल्या गाडीला पोटाखाली भलामोठा ट्रान्सफॉर्मर वाहून न्यावा लागतो, सिडनीवालीला तो लागतच नाही. तिथेच दोघींची अंगयष्टी बदलते.

गिरगावचा_नाना

बोगीबाबा साष्टांग. पण सूर सारखा होता यावर मी ठाम आहे, आमच्या वाडीत गणपतीत पेटी वाजवतो मी.

सिडनीची_मंजू

अय्या कुणीतरी आमच्या मेट्रोबद्दल बोलतंय! मी कासल हिलजवळ राहते, २६ मे २०१९ ला पहिल्या दिवशी मुलाला घेऊन गेले होते, तेव्हा टॅलवाँग ते चॅट्सवूड एवढीच होती. मग ऑगस्ट २०२४ मध्ये चॅट्सवूडच्या पुढे हार्बरच्या खालून सिटीतून सिडनहॅमपर्यंत सुरू झाली. सुरुवातीला २२ गाड्या होत्या, नंतरच्या टप्प्यासाठी २३ आल्या, सगळ्या सहा डब्यांच्या. फलाट मात्र आठ डब्यांचे करून ठेवलेत.

नानांना एक विचारायचंय, तुम्ही पुढे बसलात का? कारण इथे केबिनच नाहीये. चालक नाही, चालकाची खोली नाही, एकदम पुढे मोठी काच आणि तिथे कोणीही उभं राहू शकतं. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा, त्या काचेला नाक चिकटवून उभा आणि त्याच्या शेजारी सूटबूटातला एक साठीचा गोरा आजोबा, तोही तसाच नाक चिकटवून. रूज हिलकडे पुलावरून जाताना सगळं उघडं दिसतं आणि मग गाडी बोगद्यात शिरते ना तेव्हा दोघांनी एकदम 'ऊऽऽ' केलं.

लोक सुरुवातीला कुरकुरले खूप, कारण सिडनीला डबलडेकर ट्रेनची सवय, तिथे बसायला मिळतं. मेट्रोत उभं राहायचं म्हणजे काय. पण डबलडेकरला डब्याला दोनच दारं, चढ-उतार होईस्तोवर जीव जातो, मेट्रोला तीन. बाबागाडी घेऊन चढणारीला विचारा फरक काय असतो.

बोगीबाबा

> मेट्रोला तीन

बघा, हाच तो मापाचा फरक. मुंबईच्या डब्याला एका बाजूला चार दारं. सिडनीच्या गर्दीला तीन पुरतात, दादरच्या गर्दीला चारही कमी पडतील. दार वाढवलं की सीट कमी होते, बॉडीत भोक वाढलं की ताकद दुसरीकडून आणावी लागते. कारखाना एक, पण डब्याची चौकट पहिल्यापासून वेगळी वेल्ड होते, नुसतं वरून रंगवून भागत नाही.

कल्याणफास्ट

चार दारं??? आणि बंद होणारी??? आमच्या लोकलला पण डब्याला चार आहेत, बंद मात्र एकही होत नाही.

लिटल_इंडिया_काका

मी सिंगापुरात १९९९ पासून. तुमचा अंतरपाट आमच्याकडे भुयारी स्टेशनांवर आधीपासून आहे, कौतुक संपून जमाना झाला.

पण या घराण्याची खरी मानाची गाडी आमची हे नोंदवून ठेवा. नॉर्थ ईस्ट लाईन, २० जून २००३, सहा डब्यांच्या २५ गाड्या, पहिल्या दिवसापासून चालकाशिवाय. विमानतळावरच्या त्या छोट्या गाड्या नव्हेत, पूर्ण आकाराची, गच्च भरणारी मेट्रो. तेव्हा चालक नाही म्हटल्यावर आमची आई (ती तेव्हा तीन महिन्यांसाठी आली होती) लिटल इंडिया स्टेशनवर गाडीत चढायलाच तयार नाही, म्हणाली चालवतंय कोण ते आधी दाखव. मी पुढच्या काचेपाशी नेलं, ती बराच वेळ रिकाम्या जागेकडे बघत राहिली आणि मग रामरक्षा म्हणत बसली हार्बरफ्रंट येईपर्यंत. परतीच्या प्रवासात मात्र स्वतःहून पुढे जाऊन उभी.

तांत्रिक गंमत अशी की आमच्या बाकी एमआरटीला (इथली मेट्रो) वीज खालच्या तिसऱ्या रुळातून, म्हणजे चाकांच्या रुळांशेजारी वीज वाहणारा जो वेगळा रूळ असतो त्यातून, ७५० व्होल्ट. फक्त ही एकच लाईन वरून घेते, १५०० व्होल्ट. नंतर २००९ ला सर्कल लाईन आली, त्याच कंपनीची, त्याच मेट्रोपोलिस घराण्यातली, पण तीन डब्यांची आणि वीज तिसऱ्या रुळातून! म्हणजे एकाच शहरात दोन सख्ख्या बहिणी आणि एकीला दुसरीच्या रुळावर चालवता येणार नाही. थोरल्या गाड्यांची आता मधल्या वयातली डागडुजी करून घेतलीय, सीटबीट बदलून, आणि त्यांच्यासोबत नवीन बॅच पण धावते. दारात पाय ठेवला की जुनी का नवी हे मला कळतं, कसं ते सांगता येणार नाही.

पेठेतला_प्रवासी

चर्चा मुंबईभोवतीच फिरणार हे अपेक्षित होतंच. पुण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

पुण्याच्या आत्ता धावणाऱ्या दोन लाईनी (मार्च २०२२ पासून) या घराण्यातल्या नाहीत. त्या तितागढ फिरेमा या कंपनीच्या, ॲल्युमिनियमच्या बॉडीच्या, तीन डब्यांच्या, पहिल्या काही इटलीहून आल्या आणि बाकीच्या बंगालमध्ये उत्तरपाड्याला बनल्या. मेट्रोपोलिस येते ती तिसऱ्या लाईनला, हिंजवडी ते शिवाजीनगर, २३ स्टेशनं, २२ गाड्या, प्रत्येकी तीन डबे, त्याही श्रीसिटीच्या. जुलै २०२५ मध्ये चाचणी झाली तेव्हा आम्ही तिघे मित्र मुद्दाम रस्त्यावरून बघायला गेलो होतो आणि तिघांनाही एकच गोष्ट खटकली. वर तार नाही! वरचा भाग एकदम मोकळा, टक्कल पडल्यासारखा. नंतर कळलं वीज तिसऱ्या रुळातून आहे.

म्हणजे एकाच पुण्यात दोन लाईनींना वरून २५ केव्ही आणि तिसरीला खालून ७५० व्होल्ट. सिव्हिल कोर्टाला प्रवासी एका गाडीतून उतरून दुसरीत बसेल, पण गाडी काही इकडची तिकडे जाणार नाही. हे एकाच टेबलावर बसून का नाही ठरवता आलं हा माझा प्रश्न. आमच्याकडे एका वाड्यात दोन नळ, दोन मीटर असतात तसलं झालं हे.

बोगीबाबा

पेठेतले, प्रश्न रास्त आहे पण दोन्हीला कारणं आहेत.

२५ केव्हीची मजा अशी की व्होल्टेज जास्त म्हणून करंट कमी, त्यामुळे सबस्टेशनं लांब लांब ठेवता येतात आणि लांबलचक आठ डब्यांच्या गाड्या एकामागे एक सोडता येतात. पण गाडीला ट्रान्सफॉर्मर वाहावा लागतो आणि डोक्यावर तारेसाठी उंची लागते, म्हणजे बोगदा मोठा. मेट्रो ३ मध्ये त्यावर उपाय म्हणून लोंबती तार नाहीये, छताला ॲल्युमिनियमची कडक पट्टी आहे, तिच्या पोटात तांब्याची तार धरलेली आणि पेंटो (गाडीच्या टपावरचा वीज घेणारा सांगाडा) त्याच्यावर घासत जातो. तार तुटून खाली येण्याची भानगड नाही.

७५० व्होल्टला उलट. गाडी हलकी आणि सुटसुटीत, पुलावर खांब-तारांचं जंजाळ नाही, पण सबस्टेशनं जवळ जवळ पाहिजेत. तीन डब्यांच्या गाडीला, पुलावरच्या लाईनीला ते जमून जातं. कोचीलाही तेच आहे. तुमची लाईन ३ आणि कोची म्हणजे या घराण्यातल्या अगदी जवळच्या बहिणी म्हणा, तीन डबे, तिसरा रूळ, पूल. मुंबईवाली त्यांची आडदांड ताई.

पण दोन्ही पद्धती एकाच शहरात, यावर तुमच्याशी सहमत. स्पेअर वेगळे, माणसांचं ट्रेनिंग वेगळं, गाडी कमी पडली तर शेजाऱ्याकडून उसनी आणता येत नाही. आमच्या वेळी नुसते दोन प्रकारचे ब्रेक ब्लॉक एका शेडमध्ये होते तर स्टोअरवाला रडायचा.

बर्फातला_बंड्या

मॉन्ट्रियलहून. आमची आरईएम (इथली नवी मेट्रो) पण तुमच्या श्रीसिटीचीच 🙋 २१२ डबे, दोन-दोनचे सेट, गर्दीच्या वेळी दोन सेट जोडून चार. जुलै २०२३ च्या शेवटी पहिला टप्पा सुरू झाला. यातही चालक नाही.

विचार करा, जिथे मार्चमध्ये डोकं फुटेल असं ऊन असतं तिथल्या शेडमध्ये बनवलेली गाडी इथे उणे पंचविसात धावते. डब्याच्या जमिनीतून हीटिंग आहे, बुटावरचा बर्फ वितळून पाण्याचं डबकं होतं ते वाळतं. बायको पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाली अरे पायाशी शेगडी ठेवल्यासारखं वाटतंय. आणि सेंट लॉरेन्स नदीवरच्या पुलावरून जाताना पुढच्या काचेतून नुसता पांढरा रंग, नदी कुठली, आकाश कुठलं कळत नाही. नाना, आमचा सूर ऐकायला या एकदा, पेटी घेऊन.

कल्याणफास्ट

आता सिरीयस प्रश्न. सिडनी विनाचालक, सिंगापूर विनाचालक, मॉन्ट्रियल विनाचालक. मग मेट्रो ३ ला पुढे माणूस का बसलाय? गाडी कमी प्रतीची पाठवली का आपल्याला?

बोगीबाबा

नाही हो. मुंबईची गाडी विनाचालक चालण्याच्या तयारीनेच बनवलीय, सिग्नलिंग पण रेडिओवर चालणारं सीबीटीसी आहे, म्हणजे गाडी आणि कंट्रोल यंत्रणा सतत एकमेकींशी बोलत असतात. गाडी सुटणं, वेग, थांबणं हे यंत्रच करू शकतं, नाहीतर ती दारं समोरासमोर येऊन थांबली असती का? काचेच्या दारापुढे गाडीचं दार वीतभर सरकलं तरी गोंधळ. नवीन लाईनीवर सुरुवातीची वर्षं माणूस पुढे ठेवणं यात कमीपणा काही नाही. आमच्या धंद्यात म्हण होती (आमच्या शेडपुरतीच असेल कदाचित), मशीनला पहिला पावसाळा दाखवल्याशिवाय सर्टिफिकेट देऊ नये.

दिल्लीवाली_शिल्पा

इथे सगळे मेट्रोपोलिसवाले जमलेत तर मी चुलत घराणं मांडते. दिल्लीत बॉम्बार्डियर या कॅनडाच्या कंपनीच्या 'मूव्हिया' गाड्या आहेत, ब्रॉडगेजवर. पहिल्या जर्मनीत गोर्लिट्झला बनल्या आणि २००९ मध्ये त्यातला पहिला डबा चक्क अँतोनोव्ह विमानात घालून आणला होता! बाकीच्या गुजरातेत सावलीला. लंडनच्या मेट्रोपॉलिटन, डिस्ट्रिक्ट वगैरे लाईनीवरच्या एस स्टॉक गाड्याही मूव्हियाच, तिथल्या भुयारी रेल्वेत एसी असलेल्या पहिल्या. त्यात पण एस ७ आणि एस ८ असे दोन प्रकार, आकडा डब्यांचा, आणि एस ८ मध्ये समोरासमोरच्या सीट कारण त्या लांब पल्ल्याच्या लाईनीवर जातात.

आता गंमत. जानेवारी २०२१ मध्ये अल्स्टॉमने बॉम्बार्डियरचा रेल्वे धंदाच विकत घेतला. म्हणजे कालपर्यंत टेंडरमध्ये एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या दोघी जावा आता एकाच घरात. कानपूर, आग्रा, भोपाळ, इंदूर या मूव्हियाकडच्या, चेन्नई, कोची, लखनौ, मुंबई ३ या मेट्रोपोलिसकडच्या, कुंकू एकच.

कल्याणफास्ट

थांबा थांबा. मग आमच्या बॉम्बार्डियर लोकल पण यांच्या नात्यात??

दिल्लीवाली_शिल्पा

लांबून. त्यांचे डबे चेन्नईच्या आयसीएफचे (रेल्वेचा डबे बनवायचा कारखाना), विजेची यंत्रणा बॉम्बार्डियरची, २०१५ पासून मुंबईत. लग्नात मागच्या पंगतीला बसणारे असतात ना, तेवढं नातं.

कल्याणफास्ट

चालेल. पंगतीत पान मांडलंय हे महत्त्वाचं.

उपनगरी_उर्मिला

पॅरिसच्या १४ नंबर लाईनवर पण अल्स्टॉमचीच एमपी १४ आहे, तिला रबरी टायर आहेत. आठ डबे, चालक नाही. तीच गाडी ११ नंबरवर पाच डब्यांची आणि चालकासह. टायरवाली मेट्रो बघून आमचे बाबा म्हणाले ही बस आहे, खोटं बोलतायत हे लोक.

लिटल_इंडिया_काका

बोगीबाबा, एक विचारायचं राहिलं. मुंबईच्या गाडीत वळणावर उभं राहून कोणी बघितलंय का? आमच्या सहा डब्यांत पण दिसतं, पण आठ म्हणजे अजून मजा.

गिरगावचा_नाना

काका, हे मी सांगतो, कारण तुम्ही लोकांनी नादाला लावल्यापासून मी तेच करतोय. काल रात्री साडेनऊला शेवटच्या डब्यात चढलो, गाडी बऱ्यापैकी रिकामी, पार पुढच्या केबिनच्या दारापर्यंत सरळ नजर जाते. एवढी लांब खोली मुंबईत दुसरी नसेल, आमची अख्खी चाळ आडवी झोपवली तरी जागा उरेल. मग वळण आलं आणि पुढचे डबे एकेक करून उजवीकडे गडप व्हायला लागले, दांड्यांची रांग वाकली, लांब बसलेला लाल शर्टवाला भिंतीत शिरल्यासारखा नाहीसा झाला आणि थोड्या वेळाने गाडी सरळ झाली तेव्हा तिथेच, मोबाईलमध्ये मान घालून. डब्यांच्या जोडावर उभं राहिलं की पायाखालची गोल चकती दोन्हीकडे वेगवेगळी फिरते ती तळपायाला कळते. मी धारावी ते शितळादेवी तिथेच उभा होतो. सिक्युरिटीवाला दोनदा बघून गेला.

बाकी गाडीचं तोंड काही दिसलं नाही. आरेला मुद्दाम गेलो रविवारी, म्हटलं ते एकच स्टेशन जमिनीवर आहे, निदान तिथे तरी दर्शन होईल. तिथे पण काच.

पण डिसेंबरात कोचीला ऑफिसातल्या मुलाचं लग्न आहे. तिकडे पुलावरून उघड्यावर जाते म्हणतात, फलाटावर भिंत नाही आणि तोंड हत्तीवरून घेतलंय. निदान बहिणीला तरी बघून घेतो.

कल्याणफास्ट

म्हणजे लग्न एकीशी आणि बघायला गेलात धाकटीला. फोटो टाका.